शेजारचा सूर

आमच्या घरात पेटी होती म्हणून मला सूर लवकर कळले, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे मला आधी कळला तो भोंगा. खामगावात आमच्या मोहल्ल्याच्या मागेच जिनिंगचा कारखाना होता. त्याचा भोंगा रोज सकाळी एका सुरात सुरू व्हायचा आणि शेवटी दमल्यासारखा किंचित खाली घसरायचा. बाबा अंगणात दात घासत असले तरी त्या घसरणीवर नापसंतीने मान हलवायचे, जणू एखाद्या गवयाची जागा चुकली. कापसाचा हंगाम सुरू झाला की रुईचं पीस सगळीकडे उडायचं. वाळत घातलेल्या कपड्यांवर, मायच्या ओल्या केसांवर, परातीतल्या ज्वारीच्या पिठावर ते अलगद येऊन बसायचं. भाकरीच्या घासात ते जिभेला लागलं की मी तोंड वाकडं करायची आणि माय म्हणायची, गीळ, पोटात गोधडी होईल. पेटीच्या पट्ट्यांच्या फटीत अडकलेली रुई मात्र बाबा कोंबडीच्या पिसाने हळूच काढायचे. त्या कामाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

बाबा पोस्टमन होते. दिवसभर सायकल हाणून संध्याकाळी घरी आले की पाय धुवायचे, बशीत चहा घ्यायचे आणि ट्रंकेवरची पेटी खाली उतरवायचे. जयंतीच्या कार्यक्रमांची, विहारात म्हणायची गाणी ते स्वतः रचायचे आणि चालीही स्वतःच लावायचे. गाणारे बाबा, ढोलकीवर शेजारचा कुणीतरी, आणि चुलीजवळून माय. माय साखरखेर्ड्याची, तिच्या बोलण्याला जालन्याकडची छटा होती. बाबा तिची नक्कल करायचे, ती त्यांची करायची. मिरच्या तव्यावर भाजून, पाट्यावर शेंगदाणे-लसणासोबत रगडलेला तिचा ठेचा आणि कढत वरण असलं की आमचं जेवण झालं. त्या ठेच्याच्या वासात मी पेटी शिकले. बाबांचं वाजवणं म्हणजे सा धरून ठेवायचा आणि गाण्याची चाल जशीच्या तशी बोटांतून काढायची. एकच वाट, आणि सगळ्यांनी मिळून तिच्यावरून चालायचं. दोन सूर एकाच वेळी दोन वेगळ्या वाटांनी जातात आणि तरी भांडत नाहीत, हे आमच्या घरी कुणाला माहीत नव्हतं.

ते दाखवलं आयरीन मिसनी. त्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. केस कापलेले, गुडघ्याखाली जाणारा झगा, हातात कायम छत्री. लग्न झालं नव्हतं, आणि ते का झालं नाही याच्या निदान तीन गोष्टी गावात फिरत होत्या. तिन्ही वेगळ्या. एवढं खरं होतं की तरुणपणी त्या मुंबईतल्या हॉटेलांमध्ये बँडबरोबर पियानो वाजवत. जॅझ नावाचं संगीत. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला आणि कितीतरी दिवस तो एखाद्या माणसाचं नाव असावं असं समजत होते.

शाळेच्या प्रार्थनेला पेटी मी वाजवायची. चालीबरोबर मधूनच खालचा एखादा सूर दाबायची मला खोड होती. बाबा घरी त्यावरून रागवायचे. एक दिवस प्रार्थना संपल्यावर मिसनी मला थांबवलं आणि विचारलं, हे खालचं बोट कुणी शिकवलं. मी घाबरून म्हटलं, कुणीच नाही, चुकून पडते. त्या म्हणाल्या, "चुकून नाही पडत. तुला ऐकू येते, म्हणून पडते."

मिस राहायच्या जिनिंगच्या मॅनेजर साहेबांच्या बंगल्याच्या आवारात, मागच्या आउटहाउसमध्ये. बंगला गोऱ्यांच्या कंपनीने बांधलेला, आणि दिवाणखान्यातला पियानोही त्यांनीच मागे टाकलेला. मिसनी साहेबांच्या मुलीला पियानो शिकवायचा आणि त्या बदल्यात आउटहाउसमध्ये राहायचं, असं ठरलेलं होतं. मला शिकवण्यासाठी त्यांनी बाईसाहेबांची, म्हणजे मॅनेजर साहेबांच्या पत्नीची, परवानगी मागितली आणि ती मिळाली. दुपारी बंगला झोपलेला असताना मी मागच्या दाराने यायचं. मागचं दार का, असा प्रश्न मला पडला नाही. झोपलेल्या घरात कोणी पुढच्या दाराने येत नाही, एवढं मला पुरलं. बाईसाहेब दिसल्या तर हसायच्या, "अभ्यास कसा चाललाय बाळ" असं विचारायच्या. एकदा त्यांनी कागदात बांधून करंज्या दिल्या होत्या. मोलकरणीच्या हाताने.

पियानोवर पहिल्यांदा बोट ठेवलं तेव्हा मी भाता शोधत होते. डावा हात रिकामा, तो कुठे ठेवावा कळेना. सा-ग-प एकदम दाबले आणि तो आवाज खोलीभर पसरून हळूहळू विरला. मिस म्हणाल्या, याला कॉर्ड म्हणतात, आता दुसरी वाजव. मी तोच पंजा तसाच्या तसा उचलला आणि पुढच्या पट्ट्यांवर आपटला. मग आणखी पुढे. बेडकासारखा माझा हात उड्या मारत होता. मिसनी त्यांचा तळवा माझ्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला. ऊबदार, थोडा खरखरीत तळवा होता. हात उचलताच येईना.

"ज्या बोटाला काम नाही त्याला जागेवर बसू दे," त्या म्हणाल्या. "बाकीचे जातील, पण शेजारी. लांब नाही."

मग त्यांनी माझं फक्त करंगळीकडचं बोट सरकवलं. प चा ध झाला, सा आणि ग तिथेच. एका बोटाच्या एका पावलाने सगळी खोली बदलली. उजेड होता तिथे सावली आली. मग ध ला तिथेच बसू दिलं आणि सा चा रे केला, ग चा म. मग रे आणि म बसले, ध उठून नि वर गेला. मग नि थांबला आणि बाकीचे दोघे एकेक घर मागे आले. हात जागचा हलला नव्हता आणि आम्ही एवढा मोठा फेरा मारून घरी आलो होतो. आज माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हे सगळं मोबाइलवर बघून येतात. त्यांना व्हॉइसिंग, म्हणजे कॉर्डमधले सूर कसे मांडायचे, हा शब्द माहीत असतो, कुठल्या कॉर्डला काय म्हणतात ते पाठ असतं. मला शब्द कुठलाच माहीत नव्हता. मला वाटायचं, ही मोहल्ल्यातल्या बायकांची गोष्ट आहे. एक उठून शेजारणीकडे जाते, ती उठून पुढच्या दारात जाते, आणि कुणीतरी कायम ओट्यावर बसलेलीच असते.

पुढे मिसनी आणखी चमत्कारिक गोष्ट सांगितली. सगळ्यात खालचा सूर, ज्याच्यावर कॉर्ड उभी असते, तोच सोडून द्यायचा. बँडमध्ये तो दुसरं कुणीतरी वाजवतं, आणि कुणी नसलं तरी ऐकणाऱ्याच्या कानात तो आपोआप वाजतो. मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "सा सोडाचा? मंग राह्यलं काय?" ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी टपाल वाटताना त्यांनी ही गोष्ट अख्ख्या बाजारात सांगितली. माझी पोरगी बंगल्यात पियानो शिकून राह्यली, असं ते कापसाच्या अडतीवर, पोस्टात, चहाच्या टपरीवर सांगत फिरायचे. लोकही मला रस्त्यात थांबवून विचारायचे. मी मान वर करून चालायला लागले होते. ते आठवलं की आज मला त्या मुलीची काळजी वाटते.

त्या दिवशी शिकवणी संपवून मी फाटकापर्यंत गेले होते. नि वर जायचं ते करंगळीने की तिच्या अलीकडच्या बोटाने, हे मी विसरले. उद्या विचारता आलं असतं, पण मला धीर नव्हता. मी पळत परत गेले. मागच्या दाराला बारीक जाळी होती. आतून पियानोचे सूर येत होते, पण ते वाजवणं नव्हतं. एकेक सूर, शेजारशेजारचा, बोथट, ओळीने. मी जाळीला नाक लावलं. मिस उभ्या होत्या. त्यांच्या हातात कापसाचा बोळा होता आणि पियानोवर दवाखान्यात असते तसली स्पिरिटची बाटली. बोळा ओला करून त्या पट्ट्या पुसत होत्या. आतल्या दारात बाईसाहेब उभ्या होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"काळ्याही पुसा हं मिस. तिचा हात त्यांनाही लागला असेल."

मिस "हो" म्हणाल्या आणि काळ्या पट्ट्या पुसू लागल्या.

माझा कान तेव्हाही सूर ओळखत होता, याचं मला अजून वाईट वाटतं. सा, रे, ग, म, बोळा पुढे सरकेल तसं माझ्या डोक्यात नाव उमटत होतं, आणि मी ते थांबवू शकत नव्हते. मग मी मागे फिरले. फाटकातून बाहेर पडताना पळाले नाही, उलट सावकाश चालले. पळाले असते तर कुणीतरी बघितलं असतं आणि का पळतेस म्हणून विचारलं असतं.

आता या वयात मला कळतं, मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. मला लाज वाटली. चोरी करताना पकडलं गेल्यासारखी लाज. बाईसाहेबांनी काही वाईट केलं असं मनात आलंच नाही. मनात आलं ते हे, की माझ्या हातात काहीतरी असणार जे मला दिसत नाही आणि त्यांना दिसतं. घरी जाऊन मी मोरीत बसले आणि हात धुतले. मग राखेने घासले. मग नारळाच्या शेंडीने. संध्याकाळी माय म्हणाली, भाकरी थाप, तर मी पिठाला हात लावीना. पोट दुखते म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेले नाही. त्यानंतरही नाही. शाळेत मिस समोरून आल्या की मी वळून दुसऱ्या वर्गात शिरायची. प्रार्थनेला पेटी वाजवायला मी नकार दिला आणि हेडमास्तरांना सांगितलं की बोटं दुखतात. बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, मन लागत नाही. ते सायकल काढून कामावर गेले. पण बाजारात लोक अजून विचारत होते, आणि ते लोकांना काय उत्तर देत असतील याचा विचार करून मला आणखी लाज वाटायची. आधीची लाज हातांची होती, ही बाबांची. माय मात्र माझे हात बघत होती. बोटांच्या सांध्यांवरचं कातडं सोलून लाल झालं होतं. तिने एकदा माझा हात ओढून घेतला, उजेडात धरला आणि विचारलं, "काय लावून राह्यली हातांले?"

मी हात सोडवून घेतला. तिने पुन्हा विचारलं नाही, पण रात्रीच्या भाकरीसाठी काढलेलं तूप माझ्या हातांना चोळलं. तेवढंच तूप घरात होतं.

मिस आमच्या घरी आल्या तो रविवार होता. मोहल्ल्यातली पोरं त्यांच्या मागे मागे आमच्या दारापर्यंत आली, कारण झगा घातलेली आणि छत्री धरलेली बाई तिथे कधी कुणी बघितली नव्हती. मायने घाईघाईने सतरंजी झटकली. सतरंजीला मधोमध भोक होतं, ते नेमकं वर आलं. त्या भोकावर माझी नजर खिळली. पाणी द्यावं की नाही, घेतील की नाही, या विचारात माय तांब्या धरून उभी राहिली. मिसनी तिच्या हातातून तांब्याच घेतला आणि अर्धा रिकामा केला. मग त्या सतरंजीवर बसल्या, गुडघे एका बाजूला घेऊन, अवघडून.

बाबा खाटेवर बसून सायकलचा पंप दुरुस्त करत होते. मिस त्यांच्याकडे बघून बोलल्या, माझ्याकडे नाही. त्यांचं मराठी मुंबईचं, गोव्याकडच्या हेलाचं. त्यांनी सगळं सांगितलं. परवानगी मागितली तेव्हाच बाईसाहेबांनी अट घातली होती. मुलगी गेल्यावर पट्ट्या स्पिरिटने पुसायच्या, आणि ते मिसनी स्वतः करायचं, मोलकरणीला सांगायचं नाही, म्हणजे बाहेर कळणार नाही. मिसनी अट मान्य केली. मुलीला कधी कळणार नाही असं त्यांना वाटलं. त्या दिवशी जाळीच्या बाहेर पावलं वाजली ती त्यांनी ऐकली होती. मी येईनाशी झाले तेव्हा त्यांना कळलं की ती पावलं कुणाची होती.

"मला वाटला, पियानो तर मिळेल तिला," त्या म्हणाल्या. "मी फक्त तेवढा विचार केला. माझी चूक. तुमच्या मुलीची काही चूक नाही, हे तिला तुम्ही सांगा. माझा ती ऐकणार नाही."

मी चुलीमागे उभी होते. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. कारण आता बाबांना कळलं होतं. मी इतके दिवस जे हातांना घासून काढत होते ते आता घरभर पसरलं होतं, सतरंजीवर, भांड्यांवर, बाबांच्या खाकी कपड्यांवर. मायने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

बाबांनी पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी त्या बंगल्यात रोज टपाल देतो, मिस. हातात कोनी घेत नाही. खिडकीत ठेवा म्हनतात. मनिऑर्डरची सही घ्याची तर कागद पायरीवर ठेवा लागते, अन् पेनही माह्या हातचा घेत नाही. पोरगी तिथं जाऊन राह्यली तवा म्या म्हटलं, तिले कायले सांगाचं? तिचा हात तरी ते घेऊन राह्यले."

एवढं बोलून त्यांनी पंप पुन्हा उचलला, पण दुरुस्त करायला नाही. नुसता धरून बसले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. माझ्या बापाला रोज कागद पायरीवर ठेवावा लागत होता, आणि संध्याकाळी तोच माणूस बाजारभर सांगत होता की माझी पोरगी बंगल्यात शिकते. त्यांना माहीत होतं, तरी ते सांगत होते. मिसनी माझ्यापासून लपवलं, बाबांनी लपवलं, मी त्या दोघांपासून लपवलं. सगळ्यांनी एकमेकांना वाचवायचं ठरवलं होतं, आणि वाचलं कोणीच नव्हतं.

मिस आल्यापासून माय बोलली ती पहिल्यांदाच. तिने मला चुलीमागून ओढून पुढे आणलं, माझे दोन्ही हात धरून मिसच्या समोर केले आणि म्हणाली, "बघा हे. राखेनं घासते. तुम्ही शिकलेल्या बाई. सांगा हिले, काय हाये हिच्या हातांले."

मिसनी माझे हात बघितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, त्यांचा चेहरा फक्त म्हातारा झाला. त्या म्हणाल्या, "काही नाही आहे. जळलेले आहेत, बस." आणि मायला विचारलं, घरात खोबऱ्याचं तेल आहे का.

त्यानंतर बाबा म्हणाले, "आमच्याजवळ पेटी हाये. तिच्यावर होते का तुमचं ते?"

मिस पेटीपुढे बसल्या. त्यांनी आयुष्यात कधी पेटी वाजवली नव्हती. डाव्या हाताने भाता ओढायचा म्हणजे कॉर्डसाठी उजवा एकच उरतो, हे कळल्यावर त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, होईल, तीन बोटांत होईल, खालचा सूर तर आपण सोडतोच. त्या दिवशी त्या आमच्याकडे जेवल्या. ठेचा तिखट लागून त्यांचं नाक वाहू लागलं, आणि मायने हसू दाबलं.

दुसऱ्या दिवशी मिसनी बाईसाहेबांना सांगितलं की आता त्या पट्ट्या पुसणार नाहीत, त्यांच्या मुलीलाही शिकवणार नाहीत. हे मला पुढे कळलं, आणि तेही मिसच्या तोंडून नाही. बाईसाहेबांनी आवाज चढवला नाही म्हणतात. फक्त महिनाअखेरीस आउटहाउस रिकामं करायला सांगितलं. मिसनी तेलघाणीच्या वरची एक खोली भाड्याने घेतली. करडईच्या तेलाचा आणि पेंडीचा वास त्यांच्या झग्यांना लागला तो कायमचा. मॅनेजर साहेब शाळेच्या कमिटीवर होते, म्हणून नोकरीही जाते की काय अशी कुजबुज होती. ती गेली नाही. पियानो मात्र गेला.

पेटीवर शिकणं अवघड होतं आणि एका अर्थाने जास्त खरं होतं. पियानोचा सूर दाबला की विरायला लागतो, त्यामुळे उडी मारली तरी झाकून जाते. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर तसाच उभा असतो. बोट उचललं की भोक पडतं, ते सगळ्यांना ऐकू येतं. जाणारं बोट आणि येणारं बोट एकमेकांची वाट बघत नाहीत तोवर कॉर्ड गुळगुळीत सरकत नाही. महिनोन् महिने आम्ही तेवढंच केलं. मिस भाता ओढायच्या, मी बोटं सरकवायची, कधी उलट. आज मी चांगल्यापैकी कीबोर्डवर वाजवते, पण हात अजून पेटीसारखाच चालतो, जवळच्या जवळ. कार्यक्रमात कुणी त्याचं कौतुक केलं तर मी आभार मानते आणि विषय बदलते. माझ्या स्वतःच्या मुलांनासुद्धा मी एवढंच सांगितलंय की मला एका इंग्रजीच्या बाईंनी शिकवलं.

पुढच्या जयंतीला बाबा गायले तेव्हा पेटीवर मी होते. मी चाल वाजवली नाही. चाल बाबांच्या गळ्यात होतीच. मी तिच्याखालून तीन सूर सरकवत राहिले. पहिल्या कडव्याला बाबा बिचकले आणि मला वाटलं, झालं, सगळ्या मोहल्ल्यापुढे मी त्यांना बेसूर करणार. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, पेटी बिघडली काय. लोक हसले. माझ्या हातून भाता सुटता सुटता राहिला. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, हळू, जागा देत, माझं बोट शेजारी पोचेपर्यंत सूर धरून. मग लोक गप्प झाले. आवडलं म्हणून की काय होऊन राह्यलं ते कळेना म्हणून, मी सांगू शकत नाही. मिस बायकांमध्ये मायच्या बाजूला बसल्या होत्या, डोळे मिटून. त्यांच्या शेजारची बाई त्यांना झोप लागली समजून कोपराने हलवत होती.

मिस त्यानंतर दोन-तीन वर्षं खामगावात होत्या. मग प्रकृती बिघडली आणि त्यांना भावाकडे वसईला नेलं. तिथेच त्या गेल्या. त्या खोलीत असताना त्यांनी पियानोला पुन्हा हात लावला नाही, कारण गावात दुसरा पियानोच नव्हता. बंगल्यातला असाच पडून राहिला, असं बाबा सांगायचे. साहेबांच्या मुलीने शिकणं सोडलं होतं आणि झाकणावर फुलदाण्या आल्या होत्या. खिडकीतून त्यांना ते दिसायचं.

जयंतीनंतरच्या एका दुपारी आम्ही दोघी आमच्या घरी बसलो होतो. बाबा टपाल वाटायला गेले होते. माय दळण आणायला गेली होती. एका जागी माझं बोट सारखं उशिरा पोचत होतं आणि मिस न कंटाळता भाता ओढत होत्या. त्यांच्या मनगटावर भाता ओढून ओढून सूज आली होती. ती मला दिसली आणि जे विचारायची मला इतके दिवस हिंमत झाली नव्हती ते मी विचारलं. तुम्हाले पियानोची आठवण येत नाही का. मला वाटलं होतं त्या म्हणतील, नाही गं, पेटीच बरी. मोठी माणसं असं म्हणतात, आणि मग आपल्याला बरं वाटतं.

मिस भाता ओढायच्या थांबल्या. माझ्या बोटांखालचे तीन सूर बसत गेले आणि बंद झाले.

"येते," त्या म्हणाल्या. "रोज येते."

मी खाली बघितलं. त्यांनी पुन्हा भाता ओढला आणि मला म्हणाल्या, पहिल्यापासून घे.